मीठ कुठलं, दगड कुठला : ३० मेपर्यंत जाहीर करा

हा इशारा काच आणि साबणाला लागणारा सोडा ॲश बनवणाऱ्या आणि शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांना आहे. त्यांतल्या काहींची दप्तरं फोर्ट ते नरिमन पॉइंट या पट्ट्यात आहेत. ज्यांची दुसऱ्या शहरांत आहेत त्यांनीही तो आपल्यालाच आहे असं समजावं. देणारे आम्ही, म्हणजे गिरगाव, दादर, परळ आणि लालबागमधले छोटे भागधारक. कोणाकडे दहा शेअर, कोणाकडे शंभर. कोणी बँकेतून निवृत्त झालेलं, कोणी गिरणी बंद झाल्यावर हातात आलेल्या पैशातले थोडे बाजारात टाकलेलं. कित्येकांकडे तर थेट शेअरही नाहीत. दरमहा कापली जाणारी एसआयपी आहे आणि त्या फंडाच्या पोटात तुमची कंपनी आहे.

मागणी एवढीच की तुमचं मीठ, तुमची चुनखडी आणि तुमचा कोळसा-कोक कुठून येतो ते गावाच्या, खाणीच्या आणि बंदराच्या नावानिशी जाहीर करा. मुदत ३० मे. ही तारीख आम्ही हवेतून काढलेली नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर लेखापरीक्षित निकाल लावायला सेबी तुम्हाला ६० दिवस देते, तेवढेच आम्हीही देतो आहोत. त्या तारखेपर्यंत पैशांचा हिशेब तयार असतो, तर ज्या वस्तूंवर तो पैसा खर्च झाला त्यांचा पत्ता तयार नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

तुमचा वार्षिक अहवाल उघडा. दोन-अडीचशे पानं, गुळगुळीत कागद, सुरुवातीला समुद्राचा फोटो. नफा-तोट्याच्या पानावर ‘वापरलेल्या मालाचा खर्च’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यासमोर कोटींतला एक आकडा. त्याखालची टीप शोधत मागे जावं तर सुरुवातीचा साठा, वर्षातली खरेदी, अखेरचा साठा. झालं. त्या आकड्यात मीठ किती, दगड किती, कोणता पट्टा, कोणती खाण, किती वर्षं पुरेल, याचा पत्ता नाही. पुढे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल येतो. बाजारमूल्याने वरच्या हजार कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. त्यात सेबीने सरळ प्रश्न विचारलेला आहे : शाश्वत पद्धतीने माल घेण्याची तुमच्याकडे रीत आहे का, आणि असेल तर एकूण मालापैकी किती टक्के तसा घेतला? उत्तरादाखल टक्केवारी लिहून मोकळं होता येतं. कशाचे टक्के आणि कुठल्या जागेचे, हे त्या रकान्यात मावत नाही म्हणून आम्ही वेगळं विचारतो आहोत.

विचारण्याचं कारण तुमच्या धंद्याच्या रसायनातच आहे. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने १८६१ साली जी रीत पेटंट केली, तीच आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक कारखान्यांत आजही चालते. खाऱ्या पाण्यात अमोनिया मुरवायचा, चुनखडी भाजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात सोडायचा. खायच्या सोड्याचा साका खाली बसतो. तो गाळून भाजला की सोडा ॲश. अमोनिया त्याच भट्टीतल्या चुन्याने सोडवून पुन्हा कामाला लावतात, तो फिरत राहतो. म्हणजे खऱ्या अर्थाने खर्ची पडतात दोनच वस्तू, मीठ आणि दगड. वर भट्टीला कोक आणि वाफेला कोळसा. कागदावर १०६ किलो सोडा ॲशला ११७ किलो मीठ आणि १०० किलो चुनखडी पुरते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश मीठ काहीच न होता पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून टनामागे दीड टनाच्या वर मीठ आणि सव्वा टनाच्या आसपास दगड लागतो.

वर्षाला दहा लाख टन सोडा ॲश काढणारा कारखाना धरा. त्याला नुसती चुनखडी साडेबारा लाख टन हवी. वीस टनी डंपर धरले तर रोज सुमारे १७० डंपर, वर्षाचे ३६५ दिवस, दसरा-दिवाळी धरून. मीठ वेगळं, कोळसा वेगळा. इतका माल जो कारखाना गिळतो त्याच्या मालकांना, म्हणजे आम्हाला, तो माल कोणत्या डोंगरातून आणि कोणत्या आगरातून आला ते माहीत नसावं? लालबागच्या मसाला गल्लीत मिरची दळायला देणारी बाई मिरची ब्याडगी की संकेश्वरी हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही.

पूर्वी हा प्रश्न विचारावा लागत नव्हता, कारण कारखाना मालाच्या पाठोपाठ जायचा. ओखामंडळ तेव्हा बडोदा संस्थानात होतं. तिथे कपिलराम वकील यांनी १९२७ मध्ये ओखा सॉल्ट वर्क्स उभारली, सयाजीराव गायकवाडांच्या पाठबळावर. आधी मीठ होतं, मग १९३९ च्या २३ जानेवारीला टाटा केमिकल्स नोंदली गेली आणि त्या जागी मिठापूर उभं राहिलं. कंपनीच्या नोंदणीनंतर पंधरवड्यात सयाजीराव गेले. ध्रांगध्र्याचा कारखाना याहून जुना, तोही कच्छच्या छोट्या रणाच्या उशाला. पोरबंदर, सूत्रापाडा ही नंतरची नावंही सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचीच. एका हाताला समुद्राचं मीठ आणि दुसऱ्या हाताला चुनखडीचे थर, हे गणित त्या किनाऱ्यावर जुळतं.

ज्यांना तो माल हाताशी नव्हता त्यांची अवस्था आमच्या आजोबांनी पाहिली आहे. तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांनी एकेक पैसा घालून उभा केलेला, स्वदेशीचा अभिमान. काचेला लागते वाळू, चुना आणि सोडा. त्या वर्षी देशात सोडा ॲशचा एकही मोठा कारखाना नव्हता, सोडा बाहेरून यायचा. पुढे आपल्या बाजारात ज्या ब्रिटिश ब्रुनर-माँडचा सोडा मुरलेला होता, ती कंपनी टाटांनी २००५ मध्ये विकत घेतली, हा इतिहासाने केलेला न्याय म्हणा हवं तर. आणि लोणार? तिथे निसर्गानेच सोडा साठवून ठेवला होता. काच आणि साबण करण्याच्या वस्तू त्या भागात मिळतात याची नोंद आईन-ए-अकबरीत आहे. सरोवरातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतवार नावं होती. आता ते रामसर स्थळ आहे, तिथे कोणी घमेलं घेऊन उतरू नये हेच योग्य. पण ढेकूळ हातात घेतल्यावर ते कुठल्या प्रतीचं आणि कुठून आलं हे सांगणारी माणसं होती. तुमच्या खरेदी खात्यात ती नाहीत असं आम्ही म्हणत नाही. ती आहेत आणि त्यांना गप्प बसवलं आहे, असं म्हणतो.

आता दगडाकडे या. आमच्या पैशाला सगळ्यात मोठा धोका तिथे आहे आणि त्याबद्दल तुम्ही ब्र काढत नाही. खाण कायद्यात २०१५ साली बदल झाला. स्वतःच्या कारखान्यासाठी म्हणून घेतलेल्या जुन्या खाणपट्ट्यांना ३१ मार्च २०३० पर्यंत, किंवा नूतनीकरणाची मुदत संपेपर्यंत, किंवा मूळ मंजुरीपासून ५० वर्षं, यांपैकी जे नंतरचं असेल तोवर मुदतवाढ मिळाली. पुढे लिलाव. जुन्या पट्टेदाराला सर्वोच्च बोलीइतका भाव देऊन पट्टा राखण्याचा पहिला हक्क आहे, पण भाव लिलाव ठरवणार, तुम्ही नाही. म्हणजे ज्यांचे पट्टे २०३० ला संपतात त्यांच्या दगडाचा भाव एका रात्रीत बदलू शकतो. कोणाचे पट्टे कधी संपतात? लिलावात आपल्याला किती बोली परवडेल याचा अंदाज मंडळापुढे ठेवला आहे का? सिमेंटवाले त्याच चुनखडीसाठी बोलीला उभे राहतील, त्यांच्याशी गाठ कशी घालणार? की तोवर आत्ताचे संचालक निवृत्त झालेले असतील म्हणून घाई नाही? प्रत्येक पट्ट्याचं गाव, क्षेत्र, संपण्याची तारीख आणि शिल्लक साठा, चार रकान्यांचा तक्ता आहे. एका दुपारचं काम आहे.

मिठाचं दुखणं वेगळं. दगड वर्षभर फोडता येतो, मीठ ऑक्टोबर ते मे एवढ्याच दिवसांत पिकतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मीठ काढणीचा हंगाम अजून संपायचा होता. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय आलं. अरबी समुद्र पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही हे सांगायला हवामान खातं नको, गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं तरी कळतं. स्वतःच्या आगराचं मीठ किती आणि बाहेरून घेतलेलं किती, किती महिन्यांचा साठा हाताशी असतो, एक हंगाम बुडाला तर काय करणार, हे सांगा.

आणि बाहेरून घेत असाल तर कोणाकडून? कच्छच्या छोट्या रणात अगरिया पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवतात. १९७३ मध्ये तिथे घुडखर अभयारण्य जाहीर झालं. त्या रणाची जमीन मोजणीच झालेली नसल्याने सरकारदरबारी तिचा सर्व्हे नंबर शून्य. आठ महिने ज्या जमिनीवर घाम गाळायचा तिच्यावर नाव लावायला कागद नाही, व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घ्यायची आणि तो देईल त्या भावाला मीठ घालायचं. तुमच्या कारखान्यात शून्य नंबरचं मीठ जात नसेल तर तसं छापा, आम्ही टाळी वाजवू. जात असेल तर किती टन आणि आगरावर किती भाव दिला ते छापा. ‘मान्यताप्राप्त पुरवठादारांकडून खरेदी’ हे वाक्य छापू नका, त्याचा अर्थ आम्हाला कळतो.

मिठागर म्हणजे रिकामी जागा, अशी समजूत शहरात करून दिली जाते. वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत आम्ही ती ऐकत आलो. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडची २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं, तेव्हाही हीच भाषा होती. त्यामुळे ‘ओसाड किनारपट्टीवरील आमचा प्रकल्प’ असलं काही तुमच्या अहवालात दिसलं की आमच्या भुवया वर जातात.

उरलेल्या घाणीबद्दल थोडक्यात. जेवढा सोडा ॲश तेवढंच, किंबहुना किंचित जास्त, कॅल्शियम क्लोराइड तयार होतं आणि टनामागे दहा हजार लिटरच्या आसपास पाण्यातून ते बाहेर पडतं. ते कुठे सोडता, त्यातलं किती विकता, गाळ किती साचला? ओख्यापासूनचा कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा हा देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा शेजार आहे, १९८२ पासूनचा. मालाचा उगम विचारणारा माणूस त्याची अखेरही विचारणारच.

‘हे व्यापारी गुपित आहे’ असं उत्तर तयार असेल तर ते परत खिशात ठेवा. खाणपट्ट्यांची नोंद सरकारी दप्तरात आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल तुम्हाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावाच लागतो. आयातीचा कोळसा बंदरावर कस्टम्सच्या डोळ्यांदेखत उतरतो. तुमच्या स्पर्धकाला हे सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त दादरच्या भागधारकाला. असल्या गुपिताला आमच्याकडे लपवाछपवी म्हणतात.

‘कच्च्या मालाची कटकट तुम्हाला कशाला, लाभांश मिळतो ना’ हेही ऐकून झालं. लाभांश कुठून येतो तेच विचारतो आहोत. अमेरिकेत वायोमिंगच्या ग्रीन रिव्हरला आणि केनियात मगाडीला ट्रोना नावाचा नैसर्गिक सोडा जमिनीतून आणि सरोवरातून निघतो. तुर्कस्तानातही निघतो. त्याला ना चुनखडी लागते ना अमोनिया, म्हणून तो स्वस्त पडतो. इंग्लंडमधला लॉस्टॉकचा सोडा ॲश कारखाना टाटांनीच जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. जिथे सॉल्व्हेची रीत महाग पडली तिथे भट्ट्या विझल्या. आपल्याकडे भट्ट्या पेटत्या राहाव्यात म्हणून डिसेंबर २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने आयातीच्या सोडा ॲशवर टनाला २०,१०८ रुपयांचा किमान भाव बांधला, आधी सहा महिन्यांसाठी आणि मग मुदत वाढवून. देशी उद्योग टिकावा म्हणून. टिकावाच. पण त्याचा बोजा काचवाल्याने, साबणवाल्याने आणि शेवटी महालक्ष्मीच्या घाटावरच्या धोब्यापर्यंत सगळ्यांनी उचलला. सरकारकडे संरक्षण मागायला जाताना तुम्ही उत्पादन खर्चाचे तक्ते, मीठ-दगडाच्या भावासकट, घेऊनच गेला असणार. दिल्लीला दाखवता येतात ते गिरगावला दाखवायला लाज कसली?

सौरऊर्जेच्या पॅनेलला काच लागते, बॅटरीच्या लिथियम कार्बोनेटला सोडा ॲश लागतो, म्हणून पुढची वीस वर्षं आपलीच, असं तुमची सादरीकरणं सांगतात. मागणीची वीस वर्षं दाखवता, मग मालाचीही दाखवा.

आमच्यातल्या एकाने एका कंपनीच्या ऑनलाइन सभेत वक्ता म्हणून नाव नोंदवून चुनखडीच्या पट्ट्यांबद्दल विचारलं होतं. तीन मिनिटांची वेळ, त्यातलं एक मिनिट आवाज येतोय का हे विचारण्यात गेलं. अध्यक्षांनी मान डोलावली, उत्तर ई-मेलने पाठवू म्हणाले. ई-मेल आला नाही. पुढच्या वर्षी वक्त्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं नाही. पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातोश्रीत सभा भरायच्या तेव्हा निदान व्यासपीठावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून विचारता यायचं, आणि सामोसा खाताना कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याला कोपऱ्यात गाठता यायचं. आता पडद्यावरचं बटण तुमच्या हातात आहे. म्हणून हे सभेच्या आधी आणि चारचौघांत विचारतो आहोत.

३० मे उलटला आणि तक्ता आला नाही तर काय होईल तेही ऐका. आम्ही शेअर विकून निघून जाणार नाही, त्या आनंदात राहू नका. मार्चमध्ये वर्ष संपणाऱ्या कंपनीला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते आणि तिची नोटीस २१ दिवस आधी काढावी लागते. नोटिशीत पाळीपाळीने निवृत्त होऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या संचालकाचा ठराव असेल. नाव कोणाचंही असो, माणूस कितीही भला असो, आमचं मत विरोधात पडेल. त्यांच्याशी आमचं वैयक्तिक काही नाही. मंडळाने उत्तर दिलं नाही, मंडळावर परत यायचं नाही, एवढा साधा हिशेब.

दुसरं पत्र फंडांना जाईल. म्युच्युअल फंडांना आता आपल्याकडच्या शेअरचं मत गुंडाळून ठेवता येत नाही. ते द्यावं लागतं, कसं दिलं आणि का दिलं ते जाहीरही करावं लागतं. सेबीची कारभारीपणाची संहिता (स्टुअर्डशिप कोड) २०२० पासून त्यांना लागू आहे. एसआयपी भरणारा प्रत्येक जण आपापल्या फंडाला विचारेल की २०३० च्या खाणपट्ट्यांबद्दल तुम्ही या कंपनीला काय विचारलंत. काहीच नाही, असं उत्तर आलं तर तेही छापू. सेबीच्या तक्रार पोर्टलवर टक्केवारीच्या रकान्याबद्दलची तक्रार वेगळी जाईल, प्रत्येकाची आपल्या नावाने.

आमच्या दहा-दहा शेअरांनी कोणताही ठराव पडत नाही, हे तुमच्या कंपनी सेक्रेटरीइतकंच आम्हालाही कळतं. प्रवर्तकांच्या मतांपुढे आम्ही किस झाडकी पत्ती. पण ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं, आणि सभेनंतर कामाच्या दोन दिवसांत तुम्हाला निकाल शेअर बाजाराकडे पाठवावा लागतो. त्यात प्रवर्तक एका ओळीत, संस्था दुसऱ्या ओळीत आणि किरकोळ जनता तिसऱ्या ओळीत, बाजूने किती टक्के आणि विरोधात किती टक्के. ती तिसरी ओळ आमची आहे. तिच्यात काय छापून येईल ते ३० मेपर्यंत तुम्ही ठरवायचं आहे.